भिंत वळत नाही

१७ नोव्हेंबर, रविवार

पहाटे साडेसहाला घाटावर. बोटं गारठलेली. ढोल्या गणपतीची मागची बाजू, खालच्या पायरीवरून, पाण्यासकट. कागद पंधरा बाय बावीस, तीनशे जीएसएम. दोन तास बसले. प्रतिबिंबाचा वॉश एका दमात उतरला. असा वॉश वर्षातून एकदा-दोनदा मिळतो. कागद ओला असतानाच हात काढून घेतला. पुन्हा आत गेले नाही.

रात्री नऊला गटात टाकलं. वीस सेकंदांत पहिलं ‘अप्रतिम’.

१८ नोव्हेंबर

३१२ लाइक. ९४ अभिप्राय. लाजवाब. निःशब्द. ताई, एक नंबर. कडक. जोडलेले हात, फुलं, टाळ्या. पतसंस्थेत आज भरणा कमी होता, काउंटरवर चार वेळा मोबाइल उघडला. संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. म्हणाली, “एवढी माणसं बघतात होय गं!”

खूप बरं वाटलं. लिहून ठेवते.

१९ नोव्हेंबर

पंच्याण्णवावा अभिप्राय. ‘भिंत वळत नाही. दोन्ही बाजूंना एकच टोन. उजेड कुठून येतोय?’

अमरावतीचे कुणी गृहस्थ. चेहऱ्याच्या जागी कडुलिंबाचं झाड. गटात पूर्वी कधी दिसले नव्हते.

२० नोव्हेंबर

झोप नाही. नमस्कार नाही, आधी एखादा बरा शब्द नाही. हा माणूस वाईला आलाय तरी का? पुराचं पाणी दोन्हीकडे फाकावं म्हणून ती मागची बाजू माशाच्या आकाराची बांधलीय, रास्त्यांनी, १७६२ साली. शाळेच्या सहलीला येणाऱ्या पोरांना मी हे सांगत आलेय. आणि हे मला माझीच भिंत शिकवणार.

गटातल्यांनी त्यांना घेरलं. ‘आधी स्वतःचं काम टाका.’ ‘ताईंची तपश्चर्या बघा.’ ‘इथे नकारात्मकता नको.’ अ‍ॅडमिननी नियम पुन्हा वर आणून लावला: या गटात फक्त प्रोत्साहन.

मी काही लिहिलं नाही. माझी बाजू घेणाऱ्यांना हात जोडले.

२१ नोव्हेंबर

कडुलिंब गटातून गेला. काढलं की स्वतः गेले, कळलं नाही.

२२ नोव्हेंबर

चित्र कपाटाला टेकवून ठेवलंय. जेवताना समोर येतं. नजर भिंतीवर जाते. पाण्यावर जायला हवी.

२४ नोव्हेंबर, रविवार

घाटावर गेले. रंग नेले नाहीत.

पाणी खाली आहे, देवळाच्या मागे फिरता येतं. जिथे दोन बाजू पुढे येऊन मिळतात तिथे समोर उभी राहिले. दगडाला शेवाळाची वाळलेली साल. पुराच्या पाण्याच्या रेषा, एकाखाली एक. दोन्ही तळहात दोन बाजूंवर ठेवले. दहा वाजत आले होते.

उजवा हात कोमट. डावा गार.

तशीच उभी राहिले. घाटावर धुणं धूत होत्या त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या.

घरी येऊन चित्राचा फोटो मोबाइलमध्ये काळा-पांढरा केला. दोन्ही बाजू एकाच राखाडीत. मधली कड मी पेन्सिलीनं काढली होती, म्हणून मला दिसत होती. बाकी कुणाला दिसायचं कारण नव्हतं. चौऱ्याण्णव जणांना देऊळ वाईचं आहे हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनीही ते वळवून घेतलं असेल. कडुलिंबाला ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त कागद बघितला.

२५ नोव्हेंबर

त्या दिवशी मी एक शब्द लिहायला हवा होता. ‘बरोबर आहे’ नाही, तर निदान ‘बघते’ एवढा तरी.

२८ नोव्हेंबर

९४ अभिप्राय पुन्हा पहिल्यापासून वाचले. वहीत खुणा केल्या. दुसऱ्या कुणाच्या चित्राखाली चिकटवले तरी चालतील असे किती? ८९. उरलेल्या पाचांतले दोन गणपतीबद्दल, एक वाईच्या आठवणीचा, एकात कागद कुठला ते विचारलंय. पाण्याबद्दल एक. ‘पाणी मस्त’, इतकंच.

म्हणजे जे चांगलं झालं होतं तेही कुणी बघितलं नाही. हे जास्त लागलं.

३० नोव्हेंबर

आणि मी? मागच्या महिन्यात मी लिहिलेलं शोधलं. ‘अप्रतिम’ ४१ वेळा. त्यातली तीन चित्रं आज डोळ्यांसमोर आणून बघितली, एकही आठवेना.

लग्नातला आहेर. कुणी काय दिलं ते वहीत मांडून ठेवायचं, त्यांच्याकडे कार्य निघालं की तेवढंच परत करायचं. चार दिवस मी गटात गेले नाही तर माझ्या चित्राखालची वर्दळ कमी होते, हे मला आधीपासून माहीत आहे. कोणाचं देणं आहे हेही मला पाठ आहे.

३ डिसेंबर

आईचा गुडघा. साताऱ्याला नेऊन आणलं. दिवस गेला.

८ डिसेंबर, रविवार

गंगापुरीत सरांकडे. वर्ष झालं असेल गेले नव्हते. एक्याऐंशी. दोन्ही मोतीबिंदू झाले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला त्यांनीच बसवलं होतं मला. इंटरमिजिएटच्या मेमरी ड्रॉइंगला आदल्या संध्याकाळपर्यंत बसस्टँडची गर्दी काढून घेत होते.

मोबाइल पुढे केला. म्हणाले, “हा फोन ठेव. काम आण.”

“हेच आहे, सर. मोठं करून बघा.”

“माझ्या अंगठ्याएवढं आहे ते. यात मला काय दिसणार? काम आण.”

१० डिसेंबर

सुटल्यावर काम घेऊन गेले. सरांनी ते खुर्चीवर ठेवलं, उलटं. देऊळ खाली, पाणी वर. स्वतः भिंतीला टेकून बसले. डोळे किलकिले. काकूंनी चहा आणला, तो निवला. मी घड्याळ बघत होते: आठ मिनिटं. कुणी माझ्या चित्राकडे आठ मिनिटं बघितल्याला किती वर्षं झाली असतील.

मग विचारलं, “तुला काय करायचं होतं?”

“पाणी.”

“पाणी आलंय. का आलं, सांग.”

सांगता येईना. ओला कागद, एक दम, हात काढून घेतला, वगैरे. सर मान हलवत राहिले. “ते झालं कसं केलंस ते. पाणी का वाटतंय, ते सांग.”

शेवटी त्यांनीच बोट ठेवलं. प्रतिबिंबातला गडद भाग वरच्या देवळापेक्षा एक पायरी उजळ आहे आणि त्यातला उजेड एक पायरी गडद. दोन टोकं जवळ आलीत, म्हणून ते पाणी. वर मात्र देवळालाही तसंच जवळ आणलंय, म्हणून देऊळही पाण्यासारखं झालंय. भिंत वळत नाही.

तेच तीन शब्द. सरांना मी कडुलिंबाचं काही सांगितलेलं नव्हतं.

निघताना म्हणाले, “चांगलं का झालं हे कळलं नाही, तर पुढच्या वेळी कसं करशील?”

११ डिसेंबर

वाईटाचं कारण सगळे मागतात. चांगल्याचं कारण मी आजवर कुणाकडे मागितलं नव्हतं.

१५ डिसेंबर, रविवार

भिंत, दुसऱ्यांदा. नुसती भिंत. फसली. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना ओल्यावर पुन्हा घातले, चिखल झाला.

१७ डिसेंबर

गेल्या दोन वर्षांतली कामं गादीवर पसरली. जुनी आणि नवी. नव्यांत काहीतरी ओरडतंय. आकाश जास्त निळं, सावल्या जास्त जांभळ्या, मधोमध लाल साडीतली एक बाई. प्रत्येक चित्रात ती बाई आहे. घाटावर दर वेळी लाल साडीतली बाई नसते.

मोबाइलवर चित्र छोटं दिसतं. छोट्यात गडद-उजळ आणि लाल तेवढं डोळ्यांत भरतं. हलका वॉश, कागदाचा पोत, हरवलेली कड, हे त्यात मरतं. बोटानं वर सरकवणारा माणूस थांबावा म्हणून मी ती बाई बसवत गेले. कुणी सांगितलं नव्हतं. लाइक वाढत होते.

१८ डिसेंबर

पुण्याहून एकांचा निरोप. ढोल्या गणपतीचं चित्र नव्या फ्लॅटसाठी हवंय, चार हजार. म्हटलं, त्यात भिंत चुकलीय, त्याच जागेचं दुसरं करतेय, ते बघा. म्हणाले, ‘नको, ज्याला तीनशे लाइक आहेत तेच द्या.’

दिलं नाही. चार हजारांत आईच्या गुडघ्याचा पट्टा आणि तीन महिन्यांचा कागद आला असता.

२१ डिसेंबर

गटात एक घाटाचं चित्र. धुकं, दिवे, होड्या. अकराशे लाइक. पायऱ्या मोजत गेले: डावीकडच्या सात पायऱ्या भिंतीत शिरतात, पलीकडे निघत नाहीत. दीपमाळेची सावली दोन्ही बाजूंना पडलीय. संगणकाकडून करून घेतलेलं. खाली दोनशे जणांनी लिहिलंय, काय साधना आहे.

कुणाची चूक काढायची म्हणून लिहीत नाही. त्या दोनशे जणांत आमच्यातले चांगले हात आहेत. पायऱ्या त्यांनी स्वतः शेकडो वेळा काढल्यात. बघितल्या असत्या तर लगेच कळलं असतं.

२५ डिसेंबर

मी ठरवलंय, आहेर बंद. रोज एका कामावर खरं लिहायचं.

२६ डिसेंबर

परभणीकडची मुलगी, बारावीतली. आजीचं पोर्ट्रेट, पेन्सिलमध्ये. खाली पन्नास फुलं. मी रात्री अकराला बसून लिहिलं. डोळे एका रेषेत नाहीत. कान खाली आलाय. नाक पुढे येत नाही. केसांची एकेक रेघ काढू नकोस. मान खांद्यात बसलेली नाही. बोटानं घासून सावली करायची सवय सोड. सहा मुद्दे, सगळे बरोबर. पाठवताना समाधान वाटलं.

२७ डिसेंबर

सकाळी चित्र नाही. तिनं काढून टाकलं.

२८ डिसेंबर

दिवसभर तिचंच. सतरा वर्षांची असेल.

२९ डिसेंबर, रविवार

घाटावर गेले नाही. चित्र आठवायचा प्रयत्न केला. चेहरा आठवतो, कारण चुका तिथे होत्या. चेहऱ्याखाली काय होतं? मांडीवर हात होते. बोटांची पेरं सुजलेली, एका मनगटात दोन बांगड्या, दुसरं मोकळं. ते हात खरे होते. तशी पेरं पोर मनानं काढू शकत नाही, समोर बसून बघावी लागतात.

मी हातांबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. बघितलेच नव्हते. फुलं टाकणारे आणि मी, त्या रात्री सारखेच.

३० डिसेंबर

तिला निरोप पाठवला. दोन दिवस हात आठवले एवढंच लिहिलं, आणि क्षमा मागितली. उत्तर नाही.

२ जानेवारी

उत्तर नाही.

४ जानेवारी

सरांच्या कपाटातून पुस्तकं आणली. बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ आणि व्हॅन गॉगच्या पत्रांचं एक इंग्रजी जाडजूड. रात्री तेच.

१८८५. ‘बटाटे खाणारे’चा दगडावरून काढलेला छाप त्यानं मित्राला पाठवला, वान रापार्डला. रापार्ड स्वतः चित्रकार, पाच वर्षांची मैत्री. त्यानं मे महिन्यात उलट टपाली झोडपलं. मागच्या बाईचा हात, उजवीकडच्या माणसाचा गुडघा, किटली. हे काम तू मनापासून केलेलं नाहीस, असा सूर. व्हॅन गॉगनं पत्राची घडी घातली आणि ते पत्र तसंच परत पाठवलं. नंतर पत्रं झाली, पण मैत्री पूर्वीसारखी राहिली नाही.

रापार्डनं मूळ चित्र बघितलं नव्हतं. काळा-पांढरा छाप बघितला होता, तोही उलटा उमटलेला. त्यावरून त्यानं माणसाची निष्ठा ठरवली. गुडघ्याबद्दल त्याचं चूक नसेलही. पण गुडघ्यापाशी थांबायला हवं होतं.

हे वाचून मी वही मिटली आणि दिवा घालवला.

५ जानेवारी, रविवार

दुसरी गोष्ट सरांनी सांगितली. रझा १९४८ मध्ये काश्मीरला चित्रं काढत होते, जे.जे.तून नुकतेच बाहेर पडलेले. तिथे कार्तिए-ब्रेसाँ भेटला, कॅमेऱ्याचा माणूस. त्यानं चित्रं बघितली आणि सांगितलं, हातात गुण आहे, पण चित्रात बांधणी नाही. सेझानचा अभ्यास कर. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले.

सर म्हणाले, “त्यानं आधी चित्रं बघितली. मग कमी काय ते एकच सांगितलं. आणि पुढे कुणाकडे बघायचं तेही सांगितलं. तिन्ही लागतात.”

मी परभणीच्या मुलीला सहा गोष्टी सांगितल्या होत्या आणि कुणाकडे बघायचं ते नव्हतं सांगितलं.

सरांना हे सगळं बोलले. गप्प राहिले. मग म्हणाले, मुंबईत लँगहॅमर होता, टाइम्सचा आर्ट डायरेक्टर, युद्धाच्या आधी व्हिएन्नाहून आलेला. दर रविवारी नेपियन सी रोडच्या घरी पोरं जमायची, आरा, रझा, सगळी. कामं मांडायची, बोलायचं. “रविवार होता म्हणून झालं. घाईत होत नाही हे.”

९ जानेवारी

मुलीचं उत्तर. दहा दिवसांनी. ‘मॅडम, चित्र फाडलं. हात मलापण आवडले होते, पण कुणीच काही म्हणालं नाही म्हणून वाटलं तेपण चुकले असतील.’

ऑफिसात होते. आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

१० जानेवारी

तिला लिहिलं, आजीला रोज अर्धा तास समोर बसव आणि आठ दिवस नुसते हात काढ. चेहरा नको. आणि ड्यूररचे जोडलेले हात शोधून बघ, १५०८ चे, निळ्या कागदावरचे. सावलीच्या रेघा बोटाच्या गोलाईबरोबर कशा फिरतात ते बघ. घासलेलं काहीच नाही त्यात.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. सरांच्या घरी काकूंनी हलव्याची वाटी पुढे केली. भिंतीचं चौथं काम दाखवलं. सर: “उजेडाची बाजू आली. सावलीत रंग नाही, नुसता काळेपणा आहे. सावलीत जाऊन उभी राहिलीस का?”

नव्हते राहिले.

१९ जानेवारी, रविवार

सावलीत उभी राहिले, पाऊण तास. गार बाजूला पाण्यावरून उजेड वर येतो. खालच्या दगडांवर हिरवट हालचाल असते, छातीच्या उंचीपर्यंत. त्याच्या वर जांभळट. म्हणजे सावली खाली उजळ आणि वर गडद. मी आयुष्यभर उलटं रंगवत आले.

२३ जानेवारी

कडुलिंब सापडले. गटाच्या जुन्या यादीतून. निरोप लिहिला, खोडला, लिहिला. शेवटी तिसऱ्या भिंतीचा फोटो आणि खाली: ‘तुम्ही बरोबर होतात. तेव्हा गप्प बसले, त्याबद्दल मनापासून माफी.’

२७ जानेवारी

उत्तर आलं, मोठं. तीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, एसटीच्या, शाळांच्या. मग फ्लेक्स आला. आता सकाळी जलरंग करतात, कुणाला दाखवत नाहीत. लिहितात: ‘पाटीवर अक्षर उठलं नाही तर गिऱ्हाईक पैसे देत नसे. त्यामुळे सरळ सांगायची सवय. पण तुमचं पाणी बघून मी दहा मिनिटं थांबलो होतो. ते आधी लिहायला पाहिजे होतं. नाही लिहिलं, ही माझी चूक.’

म्हणजे बघणारा होता. ९४ नव्हते, एक होता. त्यानंही पाण्याचं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

२८ जानेवारी

त्यांचा पुढचा निरोप: ‘उजेडाची बाजू चांगली. सावलीच्या खालच्या तिसऱ्या भागात काय आहे?’ हसू आलं. पाचवं काम अजून पाठवलेलंच नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

विचार करतेय. मोठा गट सोडायचा का?

नको. चिपळूणची नर्स तिथेच भेटली, रात्रपाळीनंतर वाशिष्ठीचं पाणी काढणारी. परभणीची मुलगी तिथेच आली. तिच्या गावात तिला चित्र दाखवायला कुणी नाही. चांगल्या शब्दाची गरज असते माणसाला. एकटं काम करणाऱ्याला तर फार. पतसंस्था, स्वयंपाक, आईचं औषध यांतून रात्री दहाला कागद भिजवणारी मी, ते ‘अप्रतिम’ नसतं तर दोन वर्षांपूर्वीच थांबले असते. हे नाकारणार नाही.

फक्त तेवढ्यावर हात सुधारत नाही. त्यासाठी वेगळी जागा हवी.

६ फेब्रुवारी

चौघांचा छोटा गट. मी, अमरावती, चिपळूण, परभणी. पंधरा दिवसांतून एक रविवार, प्रत्येकाचं एकच काम. तीन फोटो: पूर्ण, दिवसाच्या उजेडात, शेजारी फूटपट्टी ठेवून, एक कोपरा जवळून, आणि एक काळा-पांढरा. ज्याचं काम त्यानं आधी लिहायचं की काय करायचं होतं आणि कुठे अडलं. बाकीच्यांनी दहा मिनिटं बघायचं, मग लिहायचं. नजर आधी कुठे गेली, नंतर कुठे, कुठून बाहेर पडली. मग एक जमलेली जागा, का ते सांगून. मग एक न जमलेली. एकच.

काकांनी (अमरावतीच्या, आता काकाच म्हणते) विचारलं, ‘छान वाटलं तर छान म्हणायचं नाही का?’ म्हणायचं. कुठे छान ते बोट ठेवून.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिला रविवार. माझ्या कामावर तीन उत्तरं, मिळून चौदा ओळी. चार वेळा वाचल्या. नर्सनं लिहिलंय, ‘माझी नजर देवळावरून घसरून उजव्या कोपऱ्यातल्या होडीत अडकते.’ होडी मी शेवटच्या पाच मिनिटांत टाकली होती, जागा रिकामी वाटली म्हणून. लाल साडीतल्या बाईच्या जागी होडी.

तिच्या कामावर मला लिहायचं होतं तर सव्वा तास गेला. वाशिष्ठीचं पाणी मातकट, त्यात दिव्यांच्या उभ्या रेषा. जमलंय. का जमलंय ते शोधत बसले. रेषा वर तुटक आहेत आणि खाली जुळत जातात. मग आपल्या घाटावरच्या दिव्यांचं कधी बघितलंय का, आठवेना. दुसऱ्याचं काम बघताना स्वतःचं बघायचं राहिलेलं दिसतं.

१८ फेब्रुवारी

कृष्णाबाईच्या उत्सवाचा मांडव घाटावर. रात्री मुद्दाम जाऊन दिव्यांची प्रतिबिंबं बघून आले. आपल्याकडे पाणी संथ, रेषा वरूनच अखंड.

२० फेब्रुवारी

मोठ्या गटात आज एका नवख्याच्या चित्राखाली तीन ओळी लिहिल्या. झाडाची सावली जमिनीच्या उतारावर कशी वाकलीय ते आवडलं, असं. कुणीतरी खाली लिहिलं, ‘ताई, एवढं बघता तुम्ही!’ नवखा म्हणाला, ‘ती सावली मी चार वेळा पुसली होती.’

२३ फेब्रुवारी, रविवार

सर आजारी. खोकला. काकू म्हणाल्या, बोलायला लावू नकोस. काम दाखवलं नाही, नुसती बसले. जाताना त्यांनीच पिशवीकडे बोट केलं. काढून समोर धरलं. बघत राहिले. हातानं खूण केली: उलटं धर.

१ मार्च

मार्चअखेर. रात्री आठपर्यंत थकबाकीच्या याद्या. कागद भिजवायला ताकद नाही.

२ मार्च, रविवार

परभणीच्या मुलीचं काम. बारावीची परीक्षा चालू आहे, तरी पाठवलंय. आजीचे हात, फक्त हात, ए-थ्री कागदावर मोठे. मांडीवरच्या सुपात तूर. उजव्या हाताचं मधलं बोट दाण्यांत रुतलेलं. खाली लिहिलंय: ‘मला तुरीत बोट किती आत आहे ते दाखवायचं होतं. डावा हात अडला.’

दहा मिनिटं ठरलेली. मी चाळीस बघितलं.

लिहिलं: नजर आधी मधल्या बोटावर गेली, कारण नखाभोवतीची सावली दाण्यांच्या सावलीत मिसळलीय आणि कड हरवलीय, त्यामुळे बोट आत गेलेलं वाटतं. डाव्या हाताला चारी बाजूंनी सारखी कड आहे, म्हणून तो सुपावर चिकटवल्यासारखा दिसतो. एक कड हरवून बघ. कुठली, ते आजीच्या हाताकडे बघून ठरव.

दुपारी तिचं उत्तर: ‘अंगठ्याची. आजी झोपलीय, उठली की बघते.’

५ मार्च

सरांचा ताप उतरला.

९ मार्च, रविवार

पहाटे घाटावर. भिंतीचं सातवं काम. होडी नाही, बाई नाही. उजेडाची बाजू जवळजवळ कोरी सोडली, यलो ऑकरचा नुसता श्वास. सावलीत खालून हिरवट, वर जांभळट, एका वॉशमध्ये. मधली कड रंगवली नाही. दोन्हींच्या मध्ये ती आपोआप राहिली. साडेनऊला हात काढून घेतला. कागद वाळेपर्यंत पायरीवर बसून राहिले.

घरी आल्यावर तिघांना तीन फोटो पाठवले. संध्याकाळी सरांकडे मूळ काम नेऊन ठेवलं, ते उद्या बघणार आहेत.

रात्री अमरावतीहून काकांचं उत्तर: ‘भिंत वळली. सावलीतला खालचा उजेड विशेष, त्यानेच वळली. पण आता शिखर जड झालंय.’

काळा-पांढरा फोटो पुन्हा उघडून बघितला. शिखर जड झालंय.